मुलचेऱ्याची मूठ

माझ्या पहिल्या साहेबांनी ज्याचे आभार मानले नाहीत अशी एकही गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यात उरली नसावी. उन्हाळ्यातलं पहिलं टेंभरू तोंडात टाकण्याआधी ते थांबायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि मगच चावायचे. वीज चमकली की आमच्या औष्णिक केंद्रातल्या बॉयलरच्या वरच्या मजल्यावरून आम्ही सगळे जिन्याकडे पळायचो आणि साहेब मात्र पिवळं हेल्मेट नीट करून, आकाशाकडे बघत, चमकवणाऱ्याचे आभार पूर्ण करूनच खाली उतरायचे. एकदा आमचा सेक्शन कमलापूरला हत्ती बघायला गेला. साहेबांनी हत्तीसमोर उभं राहून इतका वेळ पुटपुट केली की माहुताला संशय आला आणि त्याने हत्ती चार पावलं मागे घेतला. "मंत्र नाही बाबा," साहेब त्याला म्हणाले, "एवढी विचित्र जनावरं घडवल्याबद्दल आभार मानून राह्यलो. आमच्यात तशी प्रार्थनाच आहे." त्यांच्यात सगळ्याचीच प्रार्थना होती. संडासातून बाहेर आल्यावर म्हणायचीसुद्धा एक होती, आणि तिच्याबद्दल ते जराही लाजत नसत. "ही खरं तर आपल्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनची प्रार्थना आहे," असं त्यांनी मला रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "उघडायचं ते उघडलं नाही, बंद व्हायचं ते बंद झालं नाही, तर माणूस क्षणभर उभा राहू शकणार नाही, असं तिच्यात स्पष्ट म्हटलंय. व्हॉल्व्हचा एवढा नेमका अभ्यास मी दुसऱ्या कुठल्याच धर्मात पाहिला नाही."

साहेब ज्यू होते. कोकणातले, घरात मराठी बोलणारे, आडनावाच्या शेवटी 'कर' लावणारे ज्यू. त्यांचे पूर्वज म्हणे फार जुन्या काळी जहाज फुटून अलिबागच्या बाजूच्या किनाऱ्याला लागले, तिथे तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनिवारतेली म्हटलं. साहेब नोकरीला लागले तेव्हा ऊर्जानगरात, म्हणजे केंद्राच्या वसाहतीत, कुणाला हे काही ठाऊक नव्हतं. त्यांना शनिवार मोकळा हवा असायचा आणि वीज केंद्राला शनिवार-रविवार कळत नाही. मग त्यांनी एक धंदा सुरू केला: तुझा शनिवार मला दे, माझ्याकडून तुझा सण घे. दिवाळीला साहेब ड्युटीवर, होळीला साहेब ड्युटीवर, ईदेला, पोळ्याला, नाताळाला साहेबच. माझ्या आईला चौदा एप्रिलला आणि ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर मी सोबत लागते. नोकरीतल्या त्या सगळ्या वर्षांत एकदाही माझा तो दिवस चुकला नाही, कारण माझ्या खुर्चीत साहेब बसलेले असायचे. सेक्शनमधली पहिली बाई म्हणून मी रुजू झाले तेव्हा बाकीच्यांनी मला चहाच्या कपांकडे बोट दाखवलं होतं. साहेबांनी माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि पुढ्यात एक उघडलेला ट्रान्समीटर ठेवला. "बिघडला तर बिघडला," म्हणाले, "आधीच बिघडलेला आहे." मी त्या दिवसापासून त्यांची झाले.

पण साहेबांचं खरं वेड त्यांच्या क्वार्टरच्या आतल्या खोलीत होतं. तिथे लोखंडी कपाटात, मखमली झग्यात, त्यांच्या गावचा सेफेर तोरा उभा असायचा. कातड्यावर हाताने लिहिलेली लांबच लांब गुंडाळी, त्यांचा धर्मग्रंथ, कोण जाणे किती पिढ्यांपूर्वीचा. गावातली ज्यू घरं एकेक करून इस्राएलला गेली, प्रार्थनालयाला कुलूप लागलं, आणि जाणाऱ्यांपैकी शेवटच्याने ती गुंडाळी साहेबांच्या वडिलांच्या हातात दिली. वडिलांमागे ती रेल्वेने, साहेबांच्या मांडीवर बसून, चंद्रपूरला आली. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, त्यात माणसं जिवंत राहतात हेच आश्चर्य, मग कातड्याचं काय. साहेबांनी घरातला एकमेव कूलर कपाटाच्या खोलीत लावला होता आणि स्वतः बनियनवर बाहेरच्या खोलीत घाम पुसत बसायचे. पावसाळ्यात उलटं. तेव्हा आतल्या खोलीत हवा ओली झाली की नाही हे सांगणारं एक यंत्र, त्यांनी स्वतः विकत आणून स्वतः कॅलिब्रेट केलेलं, टिकटिकत असायचं आणि आकडा वर गेला की साहेब शंभराचा बल्ब लावायचे. गुंडाळीला बोट लावायचं नाही अशी त्यांच्यात रीत. वाचताना अक्षरावर ठेवायला चांदीची एक काडी असते, तिच्या टोकाला एवढासा पंजा. धरायच्या त्या दोन्ही बाजूंच्या लाकडी दांड्या. कातड्याची दोन टोकं त्या दोन दांड्यांना शिवलेली असतात, एकीवरून सोडत दुसरीवर गुंडाळत वाचायचं. त्या दांड्यांना त्यांच्या भाषेत 'एत्स हायिम' म्हणतात, म्हणजे जीवनाचं झाड.

त्या दांड्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला गुंडाळीपेक्षा त्याच आवडल्या. कोकणातल्या कुणा कारागिराने कधीकाळी कातून, लाखेच्या रंगात रंगवलेल्या. तांबडी, पिवळी, हिरवी वळी, मधे बारीक फुलांची नक्षी, टोकाला डाळिंबासारखं गोल बोंड. शेकडो हातांनी धरून खालच्या मुठी गुळगुळीत झालेल्या. माझी आई सोबत होती. ती मूल गावाजवळच्या खेड्यातली, जे दिसेल ते बोलणारी. तिने कमरेवर हात ठेवून नीट पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, हे तं पुरनपोयीचं लाटनं हाय. मोठं." मला जमिनीत जावंसं वाटलं. साहेब मात्र इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. "बाई," ते म्हणाले, "माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा बघून हेच म्हणाली होती." बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या दिवसापासून आईचं आणि साहेबांचं जमलं.

साहेबांची एकुलती मुलगी इस्राएलला नर्स होती आणि दर फोनवर त्यांना बोलवायची. निवृत्ती जवळ आली तसा तिचा धोशा वाढला. साहेब जायला तयार होते, पण गुंडाळीसकट. आणि इतकं जुनं हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही, कायदाच आहे तसा. साहेबांनी तो कायदा समजून घेतला, योग्यच आहे म्हणाले, तो करणाऱ्यांचे आभारही मानले बहुतेक, आणि मुलीला कळवून टाकलं: "ती येऊ शकत नाही, म्हणून मीही नाही." मुलगी फोनवर रडली. मग तिने मला फोन केला, आणि मीही काही करू शकले नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं होतं, तर साहेबांनी शहरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घर बघताना त्यांनी पाणी, नळ, शेजार काही विचारलं नाही. आतल्या खोलीला ऊन लागतं का, एवढंच विचारलं.

सामान हलवायला आमचे क्रेन चालवणारे सलीमभाई ओळखीच्याचा टेम्पो घेऊन आले. फिटर मडावी आणि मी मदतीला. साहेबांना सगळ्यांनी पुढे बसा म्हटलं, पण गुंडाळीची पेटी मांडीवर घेऊन ते मागे, गाद्यांच्या ढिगावर बसले. दुर्गापूरच्या अलीकडे झुडपातून रानडुकरांचं कुटुंब रस्त्यावर आलं आणि मधोमध थांबलं. सलीमभाईंनी ब्रेक मारला नसता तर त्यातलं एकही वाचलं नसतं. ब्रेक बसला, गाद्या सरकल्या, साहेब सरकले, आणि पेटी त्यांच्या हातातून निसटून उघड्या फाळक्यावरून खाली डांबरावर पडली. आम्ही धावलो तेव्हा झाकण उघडलेलं होतं. झग्याला धूळ लागली होती, कातडं शाबूत होतं, पण एका दांडीची खालची मूठ मानेपासून तुटून रस्त्याच्या कडेला पडली होती. साहेब उतरले आणि त्या तापलेल्या डांबरावर मांडी घालून बसले. ज्या माणसाकडे विजेसाठी आणि हत्तीसाठी शब्द होते, त्याच्याकडे त्या वेळी काहीच नव्हतं. एवढंच म्हणाले, "आणि तेही डुकरापायी." सलीमभाई गाडीला टेकून उभे होते. त्यांनी कानाला हात लावले.

तोरा हातून पडला तर चाळीस दिवस उपास करावेत असा त्यांच्यात रिवाज आहे. दिवसभर काही खायचं-प्यायचं नाही, अंधार पडला की जेवायचं, आणि शनिवार सोडायचा. ठाण्याच्या एका जाणत्या गृहस्थांना साहेबांनी फोन लावला. ते म्हणाले, पेटीत असताना पडली, तुमचं वय झालंय, साखर आहे, दानधर्म करा, पुरे. साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून उपास धरला. चंद्रपूरचा मे, पाण्याचा थेंब नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले तर दार उघडायला उठताना ते भिंत धरून आले. मी सेक्शनमध्ये येऊन सांगितलं आणि संध्याकाळी सलीमभाई, मडावी, मी आणि माझी आई असे साहेबांच्या खोलीत जाऊन बसलो.

"साहब," सलीमभाई म्हणाले, "ब्रेक मैंने मारा. उपास अकेले आप क्यों रखो? बांटके रखेंगे."

साहेब म्हणाले, वाटून घेतलेले चालतात असं ऐकलंय खरं, पण ते आपल्या आपल्यात. तुमचे धरले जातील का, मला माहीत नाही.

"वो ऊपरवाला देख लेगा. मला तर प्रॅक्टिस आहे."

मडावी म्हणाला, "गाद्यांचा दोर मीच बांधलो होतो. माहे पाच लिहा." त्याचा स्वतःचा हिशोब असा होता की तो चतुर्थी तशीही करतो, तेव्हा एकात दोन होतील. यावर साहेबांनी त्याही अवस्थेत त्याला बजावलं की एका दिवसाची दोन देवांकडून हजेरी लावून घेता येणार नाही.

आता आईची पाळी होती. आम्ही बौद्ध, आणि ती दीक्षेच्या बाबतीत फार कडक. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "भाऊ, मी उपास धरत नाई. ते मी सोडलं. पन तुमच्या घरात दुःख झालं, तं मी त्या दिवशी जेवत नाई. त्याले तुम्ही उपास नका म्हनू, बस."

साहेबांनी आईसमोर हात जोडले. मग सेक्शनमधल्या बाकीच्यांनाही कळलं आणि जो तो येऊन आपला दिवस सांगू लागला. ज्याच्या दिवाळीला साहेब ड्युटीवर बसले होते त्याने दिवाळीचा एक मागितला, आणि साहेबांनी दिवाळी नोव्हेंबरात असते म्हणून तो नाकारला. मडावीच्या एका दिवशी सासुरवाडीला बकरा निघाला, तर त्याने तो दिवस आईशी बदलून घेतला. साहेबांच्या वाट्याला आम्ही फार थोडे ठेवले. शेवटचा मात्र त्यांनी कुणाला दिला नाही.

त्याच दिवसांत मडावीने मिस्त्री शोधला. त्याच्या सासुरवाडीजवळ, मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली लोकांची गावं आहेत, पूर्वी निर्वासित म्हणून आलेल्यांची. तिथे मंडल नावाचे एक म्हातारे सुतार पाळण्याचे खांब आणि पाटाचे पाय कातायचे. साहेबांनी ठाण्याच्या गृहस्थांना विचारत विचारत, श्वास रोखून, दांडीची शिवण उसवली आणि ती दांडी बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून घेतली. आम्ही सलीमभाईंच्या जीपमधून निघालो. मंडल मिस्त्रींनी साडी उलगडली, दांडी हातात फिरवली आणि म्हणाले, "अरे, ये तो लाटाई है. पतंगाची. आमच्या देशात असाच असतो." पेटी पडल्यानंतर साहेब पहिल्यांदा हसले ते इथे. आधी लाटणं, आता लाटाई, म्हणाले, पुढे काय काय ऐकायचंय कोण जाणे.

"याच्यावर दोरा गुंडाळत नाय? मग काय गुंडाळते?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक गोष्ट," साहेब म्हणाले. "काही लोक घरदार सोडून निघाले आणि वर्षानुवर्षं रानावनातून चालत राहिले, त्यांची."

मिस्त्री दांडी बघतच होते. "मग पोचले?"

"ते पोचले. त्यांना घेऊन येणारा नाही पोचला. त्याला लांबून दाखवली जमीन, डोंगरावरून."

मिस्त्रींनी दांडी मांडीवर ठेवली. "माझा बाप आमाला घेऊन आला," ते म्हणाले. "बॉर्डरवरून. क्याम्प, परत क्याम्प, ट्रक. इथे झाडं तोडून जमीन दिली सरकारने. पहिला धान कापायच्या आधी तो गेला." एवढं बोलून ते उठले आणि आत जाऊन सागाचा एक तुकडा घेऊन आले. वखारीतून बऱ्याच वर्षांपूर्वी आणलेला, चांगला वाळलेला. पहिली मूठ जाड झाली. ती बाजूला टाकून त्यांनी दुसरी कातली. लाखेच्या कांड्यांपैकी त्यांच्याकडे तांबडी आणि पिवळी होती, हिरवी नव्हती. फिरत्या लाकडावर कांडी टेकवली की उष्णतेने रंग वितळून चढायचा, आणि साहेब इतके वाकून बघत होते की भुसा त्यांच्या चष्म्यावर बसला. हिरवं वळं राहिलं त्याबद्दल मिस्त्री हळहळले. साहेब म्हणाले, "राहू द्या. नवीन आहे हे ओळखू येऊ दे." जुन्या दांडीत भोक पाडून, खुंटी मारून, सरस लावून मूठ बसली. ती ओढून, पिळून, झटकून बघायचं धैर्य मात्र आमच्यात कुणालाच झालं नाही.

उपास फिटले त्या संध्याकाळी साहेबांनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी आणि खजूर. काही चांगलं झालं, संकट टळलं, की त्यांच्यात हा करतात. दोन खोल्यांत सगळा सेक्शन मावत नव्हता, निम्मे जिन्यावर बसून खात होते. साहेबांनी आम्हा एकेकाचं नाव घेऊन आभार मानले आणि त्यात इतका वेळ गेला की मडावीने दुसरी वाटी संपवली. आईने आपली वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "भाऊ, इतके दिवस मले एक इचारायचं होतं. हे पुस्तक वाचायचं हाय का नुसतं ठेवायचं?"

"वाचायचं, बाई. पण एकट्याने नाही. आमचे दहा पुरुष जमले तरच हे उघडून वाचता येतं."

"मंग इथी कोन वाचलं?"

"कुणीच नाही. इथे मी एकटाच."

आई म्हणाली, "तुमी त्याले लय जपलं." आणि वाटी पुन्हा उचलली. साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पाव्हणे गेल्यावर मी वाट्या विसळत होते तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या आईनं मला फार सांभाळून विचारलं गं." दुसऱ्या दिवशी त्यांनी कोकणातल्या एका प्रार्थनालयाला फोन केला. तिथे अजून शनिवारी दहा माणसं जमत होती.

आम्ही सगळे गेलो. चंद्रपूरहून रेल्वेने, पेटी या खेपेला दोन बाकांच्या मधे, चौघांच्या गुडघ्यांत घट्ट धरलेली. मंडल मिस्त्रीही आले. मुलचेऱ्याला आल्यापासून समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. ठाण्याच्या त्याच जाणत्या गृहस्थांनी येऊन दांडी पुन्हा शिवली, अक्षरं तपासली, दोन-चार ठिकाणी पुसट झाली होती ती लिहिली, आणि गुंडाळी वाचायला योग्य आहे असं सांगितलं. शनिवारी सकाळी आम्ही बायका वरच्या सज्ज्यात आणि साहेब खाली, पांढरी शाल पांघरलेले. वाचन झालं. मला शब्द कळत नव्हते, पण साहेबांचा आवाज कळत होता, आणि तो सुरुवातीला लागत नव्हता. वाचून झाल्यावर गुंडाळी उघडीच ठेवून, दोन्ही मुठी धरून, डोक्याच्या वर उचलून सगळ्यांना दाखवतात. त्याला ताकद लागते, तरुण माणसाला बोलावतात. साहेबांनी मान हलवली आणि स्वतः पुढे झाले.

सगळं वजन त्या दोन मुठींवर येतं. आईने माझा दंड धरला. साहेबांनी दांड्या टेबलाच्या कडेवर खाली ओढल्या, गुडघे वाकवले आणि उचललं. कातडं एवढंसं थरथरलं. मग ते सरळ उभं राहिलं, काळ्या अक्षरांच्या रांगाच रांगा, आणि साहेब सावकाश डावीकडे वळले, उजवीकडे वळले, शेवटी सज्ज्याकडे वळले. एका हाताखाली तांबडं-पिवळं-हिरवं होतं, दुसऱ्या हाताखाली नुसतं तांबडं-पिवळं. खाली शेवटच्या बाकावर बसलेले मंडल मिस्त्री उभे राहिले होते. आईने दंड सोडला तेव्हा तिथे तिची बोटं उमटली होती.

गुंडाळी त्या प्रार्थनालयातच राहिली, आणि पावसाळा संपता संपता साहेब मुलीकडे गेले. जाताना हाताशी एकच बॅग होती आणि तिचं काय करावं हे त्यांना कळत नसल्यासारखे ते ती सारखी या हातातून त्या हातात घेत होते. तिकडे बरे आहेत. नातवंडं हिब्रू बोलतात, मुलगी दिवसभर हॉस्पिटलात. परवा दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मी कामावर निघाले होते, म्हणून फोन आईला दिला. रात्री परत आल्यावर विचारलं, काय म्हणाले साहेब. आई म्हणाली, "काई नाई. 'बाई, तुमी बोला, मी आयकतो' म्हनले. मी इचारलं, काय बोलू. तं म्हनले, काईबी." मग आईने त्यांना सांगितलं होतं की धान कापून झाला, मडावीच्या पोरीचं जमलं, सलीमभाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आमच्या मागच्या भिंतीवर माकडं येऊन राह्यली, मुनग्याला, म्हणजे शेवग्याला, शेंगा लय लागल्या. सांगण्यासारखं संपलं तेव्हा तिला वाटलं फोन कटला. म्हणून तिने विचारलं, "भाऊ, हाय का?"

"आहे, बाई," ते म्हणाले. "सांगा."

मग आईने मुनग्याच्या शेंगा पुन्हा पहिल्यापासून सांगितल्या.